आवाज न करणारी आवृत्ती

ठमाबाई झोपत नव्हती, आणि अकरा वाजता तिच्या आईची मुलाखत होती.

ठमाबाई हे काही पोरीचं खरं नाव नव्हे. नऊ महिन्यांची, गोबऱ्या गालांची आणि सदैव आपलंच खरं करणारी मुलगी असली की घरातले तिला जे म्हणतात, तेच. एरवी न्हाणं-पिणं झालं की ती साडेदहाच्या सुमाराला डोळे मिटायची, ती थेट जेवायच्या वेळेला उघडायची. त्याच भरवशावर तिच्या आईनं अकराची वेळ मागून घेतली होती. लहान मुलांचे कपडे करणारी कंपनी होती, कपड्यांचे पॅटर्न काढणारं माणूस त्यांना हवं होतं, आणि काम घरी बसून करायचं होतं. बाळंतपणात आधीची नोकरी सुटल्यापासून तिनं खूप ठिकाणी अर्ज केले होते. त्यातल्या बहुतेकांनी साधं 'नको'सुद्धा कळवलं नव्हतं. हे पहिलंच बोलावणं.

आता सासूबाई ठमीला मांडीवर घेऊन थोपटत होत्या. पोर आपल्या थोपटण्यानं झोपते, असं त्यांचं ठाम मत होतं. नवऱ्याच्या मते तो पाळण्याला जो एक खास हिसका देतो त्यानं झोपते. ती स्वतः वाद घालत नसे, पण आपण कानाशी गुणगुणतो त्याचाच हा गुण, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. आज तिघांचे उपाय करून झाले होते आणि ठमाबाई आजीच्या चष्म्याची काडी चावत होती.

खुशीत होता तो फक्त नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. नवी लिफ्ट बसवली की दिवसभर वाळूची पोती वरखाली फिरवल्याशिवाय त्यात माणसाला पाऊल ठेवू देत नसे. असा हा माणूस घरच्या कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र अगदी उलटा वागायचा. कॉम्प्युटर ज्यावर चालतो त्या लिनक्सची नवी आवृत्ती सगळ्यांसाठी बाहेर पडायच्या आधी, ती अजून कच्ची असताना, हौसेनं आपल्या मशीनवर घालून बघायची, काय बिघडतंय ते शोधायचं आणि बनवणाऱ्यांना कळवायचं, हा त्याचा छंद. काही बिघडलंच नाही तर त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

या वेळी तर कारणही चांगलं होतं. जुन्या आवृत्तीत कॅमेऱ्यातून माणसं हिरवी दिसायची. बायको मुलाखतीत हिरवी दिसू नये म्हणून सकाळी सकाळी त्यानं नवी कच्ची आवृत्ती घालून टाकली होती. आणि खरोखरच, तिचा चेहरा आता माणसासारखा दिसत होता.

"आणि आवाज बघ," तो अभिमानानं म्हणाला. "मशीन चालू आहे हे कळतं तरी का? जुनीला पंखा आवरताच यायचा नाही, सदानकदा भर्रर. ही बघ कशी गप्प बसलीय."

ते जुनं भलंमोठं मशीन झोपायच्या खोलीत टेबलाखाली होतं, कारण दुसरीकडे जागा नव्हती. त्याच्या शेजारी पाळणा, कारण पाळण्यालाही दुसरीकडे जागा नव्हती. पाळणा आला त्या दिवसापासून दोघं असे शेजार करून होते.

तिनं कॅमेरा एकदा तपासावा म्हणून चाचणीचा कॉल लावला. मशीनला काम पडलं, ते तापलं, आणि खालून ती ओळखीची घुरघुर सुरू झाली. सासूबाईंच्या मांडीवरची ठमी थांबली. चष्म्याची काडी तोंडातून निसटली. डोळे अर्धे मिटले. कॉल बंद केला, पंखा थांबला, आणि डोळे टक्क उघडले.

तिनं पुन्हा कॉल लावला. घुरघुर. पापण्या खाली. बंद केला. पापण्या वर.

"म्हणजे एवढे दिवस..." सासूबाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं.

"माझा झोकासुद्धा नाही," नवरा म्हणाला. त्याला जास्त लागलं होतं.

तिला मात्र लागून घ्यायला वेळ नव्हता. जुनी आवृत्ती परत घाल म्हणाली, तर त्याला जेवणाची वेळ उजाडेल म्हणे. मोबाइलवर पंख्याचा आवाज लावून पाहिला. ठमी मोबाइलच मागायला लागली. सासूबाईंनी मिक्सर फिरवून पाहिला, तर तिनं टाळ्या वाजवल्या. मुलाखत मोबाइलवरून देता आली असती, पण पॅटर्न दाखवायचे होते आणि ते सगळे मशीनमध्ये होते. अकराला थोडाच अवकाश राहिला तेव्हा नवऱ्यानं ठमीचं एक दुपटं उचललं, त्याची घडी घातली आणि टेबलाखाली शिरला.

"काय करतोयस?"

"हवा यायची भोकं बंद करतोय. गरम झालं की पंखा लागेल."

"आणि फार गरम झालं की?"

"मी बसतो ना इथं."

तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा मशीनवर हात ठेवून तो टेबलाखाली बसला. गरम लागलं की दुपटं थोडं सरकवायचं, गार लागलं की पुन्हा लावायचं. पंखा घुमू लागला. ठमाबाईंनी एक मोठी जांभई दिली, मूठ गालाखाली घेतली आणि गेल्या. सासूबाईंनी तिला श्वास रोखून पाळण्यात ठेवलं. ठमीच्या आईनं स्वतःच्या केसांवरून हात फिरवला, कुर्त्यावरचा दुधाचा डाग ओढणीनं झाकला, आणि पडद्यावर साहेब उगवले.

साहेब म्हणजे कंपनीच्या पॅटर्न विभागाचे प्रमुख. दाढी वाढलेली, डोळे लाल, एका हातात कॉफी आणि दुसऱ्या हातात आणखी एक कॉफी. असा चेहरा ती रोज आरशात बघत होती. घरी जुळी आहेत, तीन महिन्यांची, असं त्यांनी आपणहून सांगितलं आणि सुरू करा म्हणाले. ती कुजबुजत्या आवाजात बोलू लागली.

"तुमचा आवाज येत नाहीये," साहेब म्हणाले.

नव्या आवृत्तीत आजूबाजूचा गोंगाट गाळून टाकायची सोय होती, आणि तिची कुजबुज हाही गोंगाटच असं त्या सोयीचं मत पडलं होतं. मोठ्यानं बोलणं शक्य नव्हतं. नवऱ्यानं खालून हात वर काढला, माउस चाचपला, अर्धवट उठून ती गाळणी बंद केली आणि पुन्हा खाली गेला. "कळवतो मी त्यांना," तो पुटपुटला.

आता तिची कुजबुज पोचली, आणि तिच्यासोबत पंखाही.

"मागे काही मशीन चालू आहे का?" साहेबांनी विचारलं.

"हो, जरा... त्रास होत असेल तर..."

"नाही, असू दे. बरं वाटतंय उलट."

तिनं पॅटर्न दाखवायला सुरुवात केली. हा कामाचा नमुना तिनं खास या मुलाखतीसाठी काढला होता. झोपलेल्या बाळाला न उठवता घालता-काढता येईल असं झबलं. खांद्यापासून बाहीच्या टोकापर्यंत एकच उघडी शिवण, बटणं अशी की काढताना चट् असा आवाज होऊ नये, पाठीचा भाग एकसंध पण निसरडा, म्हणजे बाळाला उचलावं लागत नाही. ती मनापासून सांगत होती. शिवणीला किती माया ठेवायची, कापड आडवं का कापायचं, सगळं. सांगता सांगता तिला वाटलं, साहेब फारच लक्षपूर्वक ऐकताहेत, कारण बराच वेळ त्यांनी मान खाली घातली होती. मग कॉफीचा कप हळूहळू कलायला लागला.

"अगं," सासूबाई पाळण्यापाशी बसून ओठ न हलवता म्हणाल्या, "हे झोपले की."

साहेब झोपले होते. हनुवटी छातीला टेकलेली, तोंड किंचित उघडं. त्यांच्या कानातल्या इअरफोनमधून टेबलाखालचा पंखा सरळ त्यांच्या डोक्यात घुरघुरत होता.

हाक मारून उठवावं तर इकडे ठमी उठणार. पंखा थांबवावा तर दोघंही उठणार, आणि दोघांपैकी एक रडणार. काहीच करू नये तर हा माणूस जागा होईल तेव्हा त्याला आठवेल ते एवढंच, की हिचं बोलणं ऐकून झोप आली. सासूबाईंचा हात सवयीनं हवेतच थोपटायला लागला होता. तिनं डोळे मोठे करून त्यांना थांबवलं, मग वाकून टेबलाखाली पाहिलं आणि परिस्थिती सांगितली.

नवऱ्यानं क्षणभर विचार केला. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये माणसं अडकली असताना तो असाच विचार करत असणार.

"तुझा माइक बंद कर," तो म्हणाला. "आवाज त्याच्याकडे जायचा थांबेल. तो उठेल, आपली उठणार नाही."

काही काही क्षणी तिला आपण याच्याशी लग्न का केलं ते आठवायचं. हा त्यातला एक होता. पण पुढचा क्षण लगेच आला.

"माइकचं बटण कुठंय?"

"वर, उजव्या कोपऱ्यात."

"तिथं घड्याळ आहे."

"मग नव्या आवृत्तीत खाली आणलं असेल."

"खाली लाल गोल आहे. हेच का?"

"तो दाबू नकोस. त्यानं कॉलच तुटतो."

"मग कुठंय?"

"मला काय दिसतंय इथून? मी टेबलाखाली आहे."

कप आणखी कलला. साहेबांचा घोरण्याचा पहिला सूर आला. तिनं माउस पडद्याच्या चारी कडांवरून फिरवला, कुठं काही उगवतंय का बघत. डाव्या कडेला नेल्यावर एक पट्टी हळूच सरकून बाहेर आली आणि तिच्यात एक एवढंसं माइकचं चित्र होतं, आधीच फुली मारलेलं. फुली म्हणजे बंद आहे, की दाबल्यावर बंद होईल? तिनं दाबलं. फुली गेली. साहेबांनी खाडकन् मान वर केली. म्हणजे कच्च्या आवृत्तीत फुली उलटी होती.

पाळण्यात ठमी जराही हलली नाही.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. कॉफी सावरली, आणि फार गंभीर चेहरा केला. "हा शेवटचा मुद्दा... तो मला विशेष आवडला. तोच जरा पुन्हा एकदा दाखवाल?"

ती बोलायला गेली आणि थांबली. बोलायचं तर माइक चालू करावा लागणार, आणि चालू केला की साहेब परत जाणार. साहेबांनी मात्र आपल्याला काही ऐकू येत नाहीये असं म्हटलं नाही. मधे काय काय बोलणं झालं हे ज्याला माहीत नाही, तो माणूस तक्रार कशी करणार? ते नुसते मान हलवत वाट बघत होते.

दाखवाल, असं म्हणाले होते ना. मग दाखवायचंच.

तिनं कॅमेरा उचलला आणि पाळण्याकडे वळवला. सासूबाईंचे डोळे विस्फारले. त्यांनी हातानं नको नको केलं. ठमीच्या अंगात तेच झबलं होतं, पहिलं शिवून पाहिलेलं. ती वाकली. खांद्यावरचं पहिलं बटण सोडवलं. ठमीनं ओठ हलवले, झोपेतच काहीतरी चोखलं. दुसरं. तिसरं. गुबगुबीत दंडावरून बाही उलगडली, तशी मूठ एकदा उघडली आणि हवेत काहीतरी धरून मिटली. टेबलाखालून मशीन तापल्याचा वास यायला लागला होता, पण नवऱ्यानं दुपटं सरकवलं नाही. तिनं पाठीखालचं कापड दोन बोटांनी धरलं, आणि ओढलं नाही, नुसतं येऊ दिलं. ते आलं. उशाशी ठेवलेलं दुसरं तसलंच झबलं त्याच वाटेनं आत गेलं. शेवटचं बटण लागलं तेव्हा ठमी एवढंच म्हणाली, "हं," आणि कूस बदलली.

तिनं पडद्याकडे पाहिलं. साहेब उभे राहिले होते. त्यांनी एक हात तोंडावर धरला होता, दुसऱ्यातली कॉफी कीबोर्डवर सांडत होती आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. जुळ्यांच्या बापाला आपण काय बघितलं ते नीट कळलं होतं.

"हे," ते कुजबुजले, तिकडे कुणी झोपलेलं नसतानाही, "हे मला आज दोन हवीत. आणि तुम्ही पहिल्या तारखेपासून."

नवरा टेबलाखालून घामेजून बाहेर आला. सासूबाईंनी पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि पाळण्याकडे तोंड फिरवलं. आता तरी आभार मानायला हवेत म्हणून तिनं डावीकडची पट्टी शोधून माइक चालू केला.

"थँक यू सर. आणि मधे जरा आवाज गेला होता, माफ करा."

"मी पण मधे जरा... विचारात होतो."

"हो. दिसलं."

साहेब थोडे लाजले. मग पुढं झुकले आणि आवाज आणखी खाली आणला. "एक औपचारिकता आहे. आमच्या मालकीणबाई परवा तुमच्याशी बोलतील. फार प्रश्न विचारतात, आणि पसंत कुणालाच करत नाहीत. त्यांच्यासमोर एवढंच करा," इथं त्यांनी एक भलीमोठी जांभई कशीबशी गिळली, "माइक मात्र सुरुवातीपासून चालू ठेवा."