म्हातारं हाय, मुकं नाही

कॉम्प्युटरवाला म्हटलं की तुमाले कानात वायर घातलेला जीन्सवाला पोट्टा दिसला असन. पुसून टाका. आमचे इंगोले काका साठीचे हायेत, आन् सर्व्हरच्या स्क्रीनवर एसटी पायतात.

खरंच सांगतो. रिसोडच्या आमच्या छापखान्यात रोज सकाळी चष्मा कपाळावर ढकलतात आन् रडक्या आवाजात म्हणतात, "मेडशीची गाडी लेट हाय आज." गाडी लेटच असते! त्याईची ही नक्कल मी अशी करतो का चहावाला बी फसते.

सर्व्हरवर सगळ्या पत्रिकाईच्या फायली. सगळे कॉम्प्युटर तिथूनच उचलतात. पण मागच्या खोलीतल्या प्लेट काढायच्या जुनाट मशीनले फाइल मागायची जुनीच रीत येते. दर अपडेटले ती रीत बंद पडते, काका पुन्हा चालू करतात. मालक म्हणतात, "त्या दारातून व्हायरस येईन." काका म्हणतात, "म्हातारं हाय, मुकं नाही. बोलू द्या."

त्या मशीनवर खिल्लारे काका बसतात. मेडशीहून येतात, घरी एकटेच. इंगोले काकाच्या पोरीच्या लग्नपत्रिकेत त्याईच्या हातून सकाळचा मुहूर्त संध्याकाळचा झाला. संध्याकाळी पाहुणे आले तवा मंडपवाला बांबू उपटून राह्यला होता. तवापासून दोघाईचं बोलणं बंद.

मागच्या महिन्यात मालक मले म्हणे, "बंद कर ते जुन्या मशीनचं सेटिंग." मी काका यायच्या आधीच केलं. म्हटलं, पाहू, नवी नक्कल भेटते काय.

सव्वादहा. "गाडी लेट हाय." साडेदहा. "लेट हाय." पावणेअकरा. काकाच्या आधी मीच त्याईच्या आवाजात म्हटलं, "गाडी लेट हाय!" काका उठले आन् एका पायात चप्पल घालून मागच्या खोलीकडं पयत सुटले. मी मागं.

आत खिल्लारे काका मशीनले थापडा मारून राह्यले होते. दोघाईनं एकमेकाईकडं पाह्यलं. दोघाईचे ओठ हालले. मंग खिल्लारे काकानं मशीनले आणखी एक थापड मारली. इंगोले काका वापस फिरले.

तवा मले उमजलं. जुन्या मशीननं सकाळी पयली फाइल मागतली का त्याचं नाव स्क्रीनवर येते. म्हणजे खिल्लारे काका पोचले. आज मी ते बंद केलं, म्हणून नाव आलंच नाही. एसटी-बिसटी काही दिसत नोती.

"अबे गाढवा," काकाले दम लागला होता, "तो घरात पडला-झडला तर कोणाले कळन? मले इथं कळते. तेवढंच कळते. माही नक्कल कर, शंभरदा कर. पण त्या सेटिंगले हात लावला तर बोटं मोडीन!"

"काका, मंग बोलाच ना त्याईले एकदा."

"चूप! चालू कर आधी. तो तिकडं मशीनले मारून राह्यला."