तीन उंच माणसं

"सरांना बदलायचं ठरलंय," बाबांनी जेवता जेवता सांगितलं आणि लगेच पाण्याचा पेला तोंडाला लावला, म्हणजे पुढचं बोलायला नको.

पिटुकलीचा घास हातातच राहिला. क्लबच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची ती कर्णधार, संघात सगळ्यांत बुटकी, आणि येत्या रविवारी फायनल.

"कधीपासून?"

"रविवारी बेंचवर नवे कोच बसतील."

"सरांना सांगितलंत?"

बाबांनी पेला पुन्हा भरला.

"पोट फुटेल पाणी पिऊन," आई म्हणाली. "पोरगी काहीतरी विचारतेय."

"ते सेक्रेटरी सांगणार आहेत. सांगितलंही असेल एव्हाना."

बाबा दातांचे डॉक्टर आणि क्लबचे अध्यक्ष. लोकांना तोंड उघडायला लावणं हा त्यांचा रोजचा धंदा, पण सरांसमोर त्यांचं स्वतःचं तोंड कधी उघडलं नव्हतं. त्यात नवल काही नाही. अध्यक्ष, सेक्रेटरी आणि खजिनदार, तिघंही लहानपणी सरांच्याच हाताखाली खेळलेले. सरांनी शिट्टी वाजवली की तिघांचे पाय आधी हलायचे आणि डोकं मागून विचारायचं, काय झालं.

"पण का बदलायचं?"

"गेल्या वर्षी हरलो ना. समोरच्या क्लबच्या कोचकडे टॅबलेट आहे. आपल्या सरांकडे काय, शिट्टी."

पिटुकली ताटावरून उठली. तिला सर्व्हिस येत नव्हती तेव्हा सरांनी अख्खी सुट्टी तिच्यासमोर उभं राहून चेंडू परत केला होता, आणि एकदाही 'जमेल हळूहळू' म्हणाले नव्हते. जमेपर्यंत उभे राहिले होते, बस्स. त्या माणसाला रविवारी काढायचं?

आता हा निर्णय झाला कसा, ते समजून घ्यायला हवं. मैदानावर कोणी बसायचं नाही, हा सरांचा नियम. पालकांनी नाही, पाहुण्यांनी नाही, अध्यक्षांनी तर नाहीच. त्यामुळे क्लबची मीटिंग मैदानाला फेऱ्या मारत व्हायची. त्या दिवशीही तिघं एकत्र निघाले, पहिल्या कोपऱ्यापर्यंत 'नवा कोच आणायचा' यावर एकमत झालं, आणि तेवढ्यात सरांची शिट्टी वाजली. "काय रेंगाळताय? पाय उचला."

पाय उचलले गेले. डॉक्टर पुढे निघून गेले. विमा एजंट असलेले सेक्रेटरी गुडघ्यामुळे मधे राहिले. पार्लर चालवणाऱ्या खजिनदारबाई उंच टाचांमुळे पार मागे पडल्या. बाकीची मीटिंग अशीच झाली. प्रत्येकाने वाऱ्यावर तेच वाक्य सोडलं, "कोच मी आणतो, सरांना सांगायचं तेवढं तुम्ही बघा," आणि प्रत्येकाला वाटलं, सोपं काम आपण उचललं, अवघड दुसऱ्याच्या गळ्यात गेलं. फेरी संपली तेव्हा तिघंही इतके दमले होते की नुसती मान हलवून घरी गेले.

शुक्रवारी संध्याकाळी मैदानाच्या फाटकातून एक उंचच उंच तरुण आला. डोळ्यांवर गॉगल, काखेत टॅबलेट. डॉक्टरांनी आणलेला. तो काही बोलणार, एवढ्यात मागून एक तितकीच उंच बाई आली. पाठीवर जाड वेणी, गळ्यात स्वतःची शिट्टी. सेक्रेटरींनी आणलेली. दोघं एकमेकांकडे बघतायत तोवर तिसरा आला. तो खजिनदारबाईंचा भाऊ, जिममध्ये शिकवणारा, दंड असे की शर्टाच्या बाह्या रडकुंडीला आलेल्या.

कुंपणाशी तिन्ही पदाधिकारी उभे होते.

"हे तीन कसे?" डॉक्टर कुजबुजले.

"मला काय विचारता? माझी एकच आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"आधी सांगा, सरांना कोणी सांगितलं?" खजिनदारबाईंनी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघांनी जमिनीकडे पाहिलं.

तेवढ्यात सर वळले. त्यांनी तिन्ही पाहुण्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आणि जे कधी कोणी पाहिलं नव्हतं ते घडलं. सर हसले.

"डॉक्टर," ते म्हणाले, "वर्षभर मागतोय. समोरच्या संघात तीन ताडमाड पोरी आहेत, माझ्या मुलींना सरावाला उंच माणसं द्या म्हणून. मला वाटलं, तुम्ही ऐकतच नाही. आणलीत की."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. त्यातून "हो सर" एवढंच बाहेर आलं.

"बूट घातलेत ना? मग उभे का? दोन फेऱ्या, आणि जाळीपाशी हात वर."

गॉगलवाला म्हणाला, "अहो, मी इथे..." आणि शिट्टी वाजली. काय त्या शिट्टीत असतं कोण जाणे. गॉगल खिशात गेला, टॅबलेट गवतावर गेला आणि माणूस पळत सुटला. वेणीवाली त्याच्या मागे आणि दंडवाला तिच्या मागे.

आणि मग जो सराव झाला, तो बघत राहावा असा. जाळीपलीकडे सहा लांब हात उभे राहिले, भिंतच. मुलींचा प्रत्येक चेंडू त्यावर आपटून परत येई. सर एका जागी उभे, आवाज न चढवता, आणि मैदान त्यांच्या बोटावर फिरत होतं. "भिंतीला धडका देऊ नका. तिच्या बोटांना लावून बाहेर काढा, की गुण आपला." संध्याकाळ उतरली तशी भिंतीला भगदाडं पडायला लागली. वेणीवाली जाळीखालून वाकून पिटुकलीला म्हणाली, "हे मला कोणी शिकवलं नव्हतं गं." जिमवाल्याला तर चेंडू नाकावर बसला होता, तरी तो खुशीत होता.

शनिवारी पिटुकलीच्याने राहवलं नाही. "सर, एक सांगायचंय. ही माणसं ना, उंच आहेत म्हणून नाही आली..."

"किती उंच आहेत ते मला दिसतंय," सर म्हणाले. "सर्व्हिस कर."

तिने केली. दुसरं काय करणार?

रविवारी पंचांनी बेंचपाशी येऊन पाहिलं तर ट्रॅकपँट घातलेली चार माणसं उभी. "बेंचवर एकच कोच. तुमचा कोणता?"

डॉक्टर पुढे झाले. पिटुकलीने बाबांकडे असं पाहिलं की बस्स. सर तोवर जाळीकडे जाऊन तिची उंची तपासत होते, त्यांचं लक्षही नव्हतं. आणि कोणी शिट्टी न वाजवता तिन्ही नवे कोच एकदम एक पाऊल मागे सरकले आणि सरांकडे बोट दाखवून उभे राहिले. डॉक्टरांचं बोटही मग हळूच त्याच दिशेला गेलं.

सामना पाचव्या सेटपर्यंत गेला. शेवटी समोर तीन ताडमाड पोरींची भिंत उभी राहिली. पिटुकलीने चेंडू उचलून दिला, तिच्या मैत्रिणीने तो त्या भिंतीच्या बोटांना चाटून मैदानाबाहेर काढला, आणि संपलं. मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. जिमवाला हमसून हमसून रडला.

सोमवारी तातडीची मीटिंग. तीन कोचचं काय करायचं आणि सरांना काय सांगायचं, हे दोनच विषय. तिघं फेरीला निघाले आणि शिट्टी वाजली. तिघं दचकून थांबले.

"जवळ जवळ चाला," सर म्हणाले. "मागच्या मीटिंगला तुमच्यात फार अंतर पडलं होतं."

डॉक्टरांचा उचललेला पाय हवेतच राहिला. सरावाला आलेल्या पिटुकलीने झटकन सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर काहीही नव्हतं. शिट्टी ओठांत, नजर जाळीवर.

"आणि पुढच्या वर्षी त्यांच्याकडे चौथी उंच पोरगी येतेय," ते म्हणाले. "बघा जमतं का."

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय ठरलं मग?"

"सरच राहणार. बाकीचे तिघं त्यांच्या हाताखाली."

"बरं झालं. सरांना कोणी सांगितलं?"

बाबांनी पाण्याचा पेला भरला.