सबनीसकाका आणि पिंट्याचं पोट

“तुमचं कुत्रं बूड घासतं का?”

वाशीत राहायला आल्यावर शेजाऱ्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. ना नमस्कार, ना चमत्कार. ट्रंका अजून जिन्यात होत्या, माझ्या हातात पिठाचा डबा होता, आणि पायजमा-बंडीतले एक गृहस्थ वाकून आमच्या पिंट्याच्या शेपटीखाली बघत होते.

“काय म्हणालात?”

“बूड हो, बूड! फरशीवर बसून घासत घासत पुढं सरकतं का?”

“सरकत असेल. मी काय दिवसभर त्याच्या मागे असते?”

“असायला हवं,” ते गंभीरपणे म्हणाले. “जंत आहेत. मी सबनीस. समोरच्या दारात राहतो.”

मी गिरगावातल्या चाळीत वाढलेली. तिथे शेजारी आधी वाटीभर साखर मागतात, मग आठवडाभरानं चौकशा करतात. हा बाबा थेट कुत्र्याच्या पोटातच शिरला! मी दार लावून घेतलं आणि यांना म्हटलं, “चांगला शेजार शोधलात हो.” आमचे हे नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात होते.

तेव्हाची वाशी म्हणजे नव्या बिल्डिंगा, त्यांच्यामधे चिखल आणि पलीकडे खाडी. साप निघायचे, चोरांची भीती असायची, म्हणून बऱ्याच घरांत कुत्रं होतं. आणि त्या सगळ्या कुत्र्यांची पोटं सबनीसकाकांनी स्वतःहून अंगावर घेतली होती. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरी कुत्रं नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, गोदीतली नोकरी संपलेली. एकटा जीव सदाशिव. मी एकदा विचारलंसुद्धा, “काका, एवढा जीव लावता, मग एखादं पाळत का नाही?”

“छट्! ती ब्याद कोण पाळतो!” असं म्हणून त्यांनी पिंट्याच्या हिरड्या बघायला घेतल्या.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. “पोट म्हणजे घर आहे, धर्मशाळा नव्हे!” हे वाक्य ते कुत्र्यांना उद्देशून म्हणत आणि कुत्रीही बिचारी ऐकून घेत. दर तिसऱ्या अमावास्येला काका औषधाची पिशवी घेऊन फेरीला निघत. तीन महिन्यांचा हिशेब जनावरांच्या डॉक्टरांचा, अमावास्या काकांची. “त्या दिवशी जंत बेसावध असतात,” असं त्यांचं म्हणणं. जंतांना हे कुणी कळवलं, ते मी विचारलं नाही.

गोळी वजनावर द्यायची, म्हणून आधी वजन. ते व्हायचं रद्दीवाल्याकडे. एका पारड्यात पिंट्या, दुसऱ्यात जुनी मासिकं. पिंट्या पारड्यात बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांवर भुंकायचा, आणि रद्दीवाला डोक्याला हात लावून म्हणायचा, “काका, धंद्याच्या टायमाला कशाला खोटी करता?” मग गोळी रव्याच्या लाडवात दडवायची. लाडू अर्थातच माझे. पिंट्या महा लबाड, लाडू गिळायचा आणि गोळी गालात ठेवून नंतर सोफ्यामागे थुंकायचा. पण काका त्याचे बाप होते. जबडा मिटून धरायचे, गळ्यावरून हळूहळू हात फिरवायचे आणि म्हणायचे, “वहिनी, नाकावरून जीभ फिरवली की समजायचं, गिळलं. मग तोंड उघडून बघायचं. विश्वास ठेवायचा नाही.”

बोनकोड्याहून मासे विकायला येणारी जनाबाय पिंट्याला माशांची आतडी टाकायची. काकांनी तिला जिन्यातच अडवलं. “कच्चं घालायचं नाही! जंत होतात!”

जनाबायनं टोपली खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवले. “आमचे गावानची कुत्री रोज म्हावरा खातान. त्यांना काय बी व्हत नाय. तुमालाच काय तरी झायलंय!”

बिल्डिंगभर हशा पिकला. काकांवर काही परिणाम नाही. दुसऱ्या दिवसापासून ते पिंट्याचं भांडं स्वतःच उकळत्या पाण्यानं धुऊ लागले आणि त्याच्या पिसवा वेचून बशीतल्या पाण्यात बुडवू लागले. “पिसू गिळली की चपटा जंत,” मला समजावायचे. मी म्हणायची, “काका, मी आत्ता जेवतेय.”

अशात एक दिवस सोसायटीचे सेक्रेटरी मोहिते यांच्या बाब्याला जंत झाले. झालं! मोहिते तरातरा वर आले. “तुमच्या कुत्र्यामुळे झालं. बाब्या त्याच्याशी खेळतो. मीटिंग लावतो. कुत्रं उरणला माझ्या मेव्हण्याच्या गोडाऊनवर पाठवा, नाहीतर सोसायटी पाठवेल.”

पिंट्या चार वर्षांचा. दिवसभर घरात मी आणि तो, बोलायला दुसरं कोण होतं मला? साखळीनं गोडाऊनच्या दाराला बांधलेला तो डोळ्यांसमोर आला आणि मी भाजी चिरता चिरता रडले.

रविवारी सकाळी गच्चीवर मीटिंग. मोहित्यांनी ठराव वाचला. हात वर होणार एवढ्यात काका उठले. बंडीवर चक्क कोट घातला होता.

“पुरावा काय? पिंट्याची तपासणी करा. बाब्याची करा. सेक्रेटरीसाहेब, तुमचीही करा. आणि माझीही करा, चला! कर नाही त्याला डर कशाला?”

मग जे झालं ते सांगायला लाज वाटते, पण त्या काळी तपासणीला ‘ते’ काड्यापेटीतूनच न्यायची पद्धत होती. काकांनी चार काड्यापेट्या गोळा केल्या, वर नावं लिहिली आणि तळमजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या डॉक्टर वाघमारेबाईंकडे नेऊन दिल्या. बाई लातूरकडच्या, मार्केटात त्यांची लॅबोरेटरी होती. कुत्र्याचं कळलं तर बाई हाकलून देतील, म्हणून काकांनी तिसऱ्या पेटीवर नुसतंच लिहिलं, ‘पिंट्या, वय चार’.

पुढच्या रविवारी पुन्हा गच्ची. सबंध बिल्डिंग जमली. म्हातारी माणसं खुर्च्या घेऊन आली. डॉक्टरबाई उभ्या राहिल्या.

“बाब्याला सुतासारखे जंत आहेत, साहेबांनाही तेच. हे माणसाचे माणसालाच होतात, कुत्र्यामांजराचा काही संबंध नाही. घरात सगळ्यांनी औषध घ्या, नखं कापा, हात धुवा.”

मोहिते नखं लपवू लागले.

“आता हे पिंट्या. कुणाचंय हो हे लेकरू? पोट एकदम लख्ख! त्याच्या आईचं खरंच कौतुक करा.”

अख्ख्या गच्चीनं माझ्याकडे बघितलं. काय करणार? मी उठून हात जोडले. टाळ्या पडल्या. पिंट्या सुटला! मला तर त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं.

“राहिले सबनीस,” बाई म्हणाल्या. “काका, तुमच्या पोटात तर जत्रा भरलीय. कच्च्या भाज्या तशाच खाता का, न धुता?”

पहिला कंठ मोहित्यांना फुटला. “काका, धर्मशाळा कुठंय ते कळलं हो!” गच्ची हसून हसून वेडी झाली. मेली, मीही हसले. काकांनी कोटाची बटणं लावली आणि ते जिना उतरून गेले.

त्यानंतर ते दिसेनात. पिंट्याच्या गोळीची अमावास्या आली. पिंट्या सकाळपासून दाराशी बसून राहिला. शेवटी न राहवून मी त्याला घेतलं आणि समोरचं दार वाजवलं.

काकांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. फळीवर कुत्र्यांच्या औषधांच्या बाटल्या ओळीनं पुसून ठेवलेल्या. ओट्यावर एक ताट, एक पेला, आणि मातीसकट चार मुळे. डॉक्टरबाईंनी पाठवलेली गोळ्यांची पुडी खिडकीत तशीच, न उघडलेली.

“काका, औषध नाही घेतलंत?”

“घेईन की.” पिंट्यानं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं, तशी ते त्याचे कान तपासू लागले. “सुशीला होती तोवर दर अमावास्येला एरंडेल पाजायची. नाक दाबून. मी पळायचो, ती मागे धावायची. ती गेली, मग राहूनच गेलं.” दुसरा कान उलटून बघत म्हणाले, “कुत्र्याला विचारायला मी आहे, वहिनी. मला कोण विचारणार, बूड घासता का म्हणून?”

मला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. “म्हणून पाळत नाही होय कुत्रं?”

“माझं काही झालं तर त्याच्याकडे कोण बघेल?”

मी खिडकीतली पुडी उचलली, घरी जाऊन लाडू आणला, त्यात गोळी दडवली. “काका, तोंड उघडा.”

“अहो, मी काय...”

“उघडा म्हणते ना! आणि गालात ठेवायची नाही.”

काकांनी लाडू खाल्ला. पिंट्या त्यांच्या गळ्याकडे टक लावून बघत होता. काकांनी ओठांवरून जीभ फिरवली. तरी मी म्हटलं, “आ करा.” काकांनी आ केला. मी नीट बघितलं, अगदी जिभेखालीसुद्धा.

महिन्याभरानं डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासलं. पोट स्वच्छ. औषधाची गरज उरली नव्हती, आणि हे मला ठाऊक होतं तसं काकांनाही ठाऊक होतं. पण पुढच्या अमावास्येला सकाळी बेल वाजली. दारात काका, अंघोळ करून, भांग पाडून उभे.

“पिंट्याची आज नाहीये ना हो, काका?”

“नाही, त्याची नाही,” असं म्हणून ते तिथेच घुटमळत राहिले.

मी आत जाऊन एक लहानसा लाडू वळून आणला, नुसता, आत काही नाही. काकांनी तो मुकाट्यानं खाल्ला. मग मी न सांगताच त्यांनी आ करून दाखवला.