खुणेपर्यंत पाणी

फ्रेट्स कलीगिस सांगिहे बेटावर भावाकडे निघाला, तेव्हा त्याने बायकोवर एकच काम सोपवलं. मनादो शहरातल्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती, चांगली बाकाएवढी लांब. तिच्यातलं पाणी रोज बोटभर आटायचं. पडवीतल्या पांढऱ्या पिंपातलं गोडं पाणी रोज सकाळी काचेवरच्या काळ्या खुणेपर्यंत घालायचं, बस्स.

फेमीने मान डोलावली. पण नवऱ्याची पाठ वळल्यावर ती टाकीसमोर विचार करत उभी राहिली. आत नारिंगी मासे, दगडांवर चिकटलेल्या गोगलगाई आणि मधोमध वीतभर लांबीचा, निळ्या ओठांचा शिंपला. सगळी समुद्राची लेकरं. त्यांना गोडं पाणी कसं मानवेल? नवरा घाईत चुकून बोलून गेला असणार, असं म्हणून तिने त्याला मोठ्या मनाने माफ केलं आणि शेजारच्या निळ्या पिंपातलं मीठ कालवलेलं पाणी टाकीत ओतलं. तीन दिवस, अगदी खुणेला खूण.

चौथ्या दिवशी दुपारी फ्रेट्सचा बोटीवरून फोन आला. पाचला धक्क्याला लागतोय म्हणाला, आणि क्षार मोजायच्या डबीतला काटा कुठे आहे ते बघायला सांगितलं. काटा हिरव्या पट्ट्यात असायला हवा होता. तो हिरवा ओलांडून, तांबडा ओलांडून डबीच्या पार टोकाला जाऊन टेकला होता.

"हिरव्यात आहे," फेमी म्हणाली आणि फोन ठेवून थेट कुंपणाशी गेली.

शेजारच्या ओमा सार्चे, म्हणजे सार्चे आजी, ऐंशीच्या घरातल्या, कोळ्याच्या लेक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मासळीचं कालवण आटून खारट झालं तर तू त्यात काय घालतेस गं?"

"पाणी."

"मिठाचं?"

चाळीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला याहून जास्त सांगायची गरज नव्हती. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. आणि ती तीन दिवस मिठावर मीठ घालत होती. ओमांनी उपाय सांगितला. टाकीतलं थोडं पाणी काढ आणि तेवढंच गोडं घाल, पण दमादमाने.

दमादमाने करायला वेळ कुठे होता? साडेचारला आळीतली बारा घरं फेमीकडे बुधवारच्या प्रार्थनेला येणार होती. केळी तळायची होती, मिरचीची चटणी वाटायची होती. तिने टाकीत नळी सोडली, दुसरं टोक तोंडात धरून ओढलं, घोटभर समुद्र गिळला आणि नळी बादलीत टाकून कढईकडे धावली. केळ्यांचा पहिला घाणा उतरवून परत आली तेव्हा बादली कधीच भरून वाहत होती. प्लास्टिकच्या खुर्च्यांचे पाय पाण्यात होते. टाकी निम्मी रिकामी झाली होती आणि आतला पंप घशात काही अडकल्यासारखा गुरगुरत होता.

तिने पांढरं पिंप टाकीपर्यंत फरफटत आणलं आणि तांब्यामागून तांब्या ओतला. भर दुपारचं ऊन खाऊन पाणी कोमट झालंय, हे पिंपाच्या तळाशी हात गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. तोवर पाणी खुणेला लागलं होतं आणि दारात मंडळी.

लादी अजून ओली होती. मंडळींनी बिनतक्रार पाय वर घेतले. मंडळीप्रमुख ओम वेम्पी, सगळ्यांचे वेम्पीकाका, प्रार्थना सांगायला उभे राहिले आणि सगळ्यांनी डोळे मिटले. फेमीने एकच मिटला. उघड्या डोळ्याला दिसलं, की शिंपला आक्रसतोय. त्याने अंग गच्च आवळलं, मग सैल सोडलं आणि त्याच्या मधल्या तोंडातून दुधासारखा पांढरा लोट वर उसळला.

मेला, फेमीच्या मनात आलं. आपण मारला.

दुसरा लोट आला. मासे त्यात दिसेनासे झाले. फेमीच्या हुंदक्याने एकेक डोळा उघडू लागला. आपली प्रार्थना कुणी ऐकत नाही हे कळून ओम वेम्पीही वळले, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून उभे राहिले.

"रडू नकोस," ओमा सार्चे खुर्चीतून उठत म्हणाल्या. "मरत नाहीये तो. बीज सोडतोय."

त्यांनी काचेला तळवा लावला. वडिलांनी हे एकदा पाहिलं होतं, म्हणाल्या, होडीतून. खाली अख्खा खडक असाच धुरकटला होता आणि ते जाळं न टाकता घरी परतले होते.

शिंपला श्वास घेतल्यासारखा मिटायचा, उमलायचा, आणि दर खेपेला तो शुभ्र ढग उठून दिव्याच्या उजेडात पसरत जायचा. बारा घरची माणसं ओल्या लादीवर गुडघे टेकून काचेशी आली. फेमीला वाटलं, कुणाचं तरी सगळ्यांत खासगी असं काही तिच्या बैठकीत घडतंय आणि आपण परवानगी न घेता बघतोय. तिने ओले डोळे पुसले नाहीत. हलावंसंच वाटेना.

भानावर आल्या त्या ओमाच. एवढ्या बीजाने पाणी नासेल, मासे गुदमरतील, पाणी आत्ताच्या आत्ता बदला, म्हणाल्या. रस्ता ओलांडला की समुद्र. प्रार्थनेचे ठेवणीतले कपडे घातलेली मंडळी पातेली, बादल्या, भाताचा टोप, हाताला लागेल ते घेऊन रांगेत उभी राहिली. ओम वेम्पी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून कमरेइतक्या लाटांत शिरले.

फ्रेट्स पोहोचला तेव्हा टाकी निवळली होती. शिंपला काही घडलंच नाही असा बसला होता. सगळ्यांनी एकदमच सांगितलं, मग एकेकाने सांगितलं. फ्रेट्सने खुर्ची टाकीपाशी ओढली. मत्स्य महाविद्यालयातली माणसं यासाठी पाणी एकदम कोमट करून वर्ष वर्ष खटपट करतात, म्हणाला. त्यांनाही दर वेळी जमत नाही. कसं केलंस, कुणी सांगितलं, हे त्याने विचारलंच नाही. तो नुसता बायकोकडे बघत राहिला, मघाशी मंडळी शिंपल्याकडे बघत होती तसा.

शनिवारी महाविद्यालयातून दोघं जण वह्या घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी तांते फेमी, म्हणजे फेमीकाकू, आहेत का, असं विचारलं. फ्रेट्सने त्यांना बसवलं आणि कॉफी करायला स्वतः आत गेला.

"सुरुवातीपासून सांगा, तांते," त्यांच्यातला मोठा पेन उघडून म्हणाला. "सगळ्यात आधी काय करायचं?"

फेमीने जराही विचार केला नाही.

"सगळ्यात आधी," ती म्हणाली, "नवऱ्याला गावाला पाठवायचं."