गुरुजींचा दुसरा कलश

हेमचंद्र गुरुजी मंत्र म्हणू लागले की टेबलाखालचा कॉम्प्युटरही घरघरू लागे. अमरावतीचा मे महिना, त्यात एकाच मशीनवर दोन कामं. गुरुजी त्यावरून परदेशातल्या यजमानांना पूजा सांगत आणि त्याच वेळी आत त्यांच्या मुलीची, इशिताची, आर्किटेक्टांसाठी काढलेली घरांची चित्रं तयार होत असत. मशीन तापलं की चारही पंखे सुटत. मागच्या पंधरवड्यात एका यजमानानं फार अदबीनं विचारलं होतं, की गुरुजी गिरणीत बसून पूजा सांगतात का. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

इशितानं उपाय काढला. पंख्यांऐवजी पाणी. प्रोसेसरवर तांब्याची चपटी डबी बसवायची, बारीक नळ्यांतून पाणी फिरवायचं, आणि तापलेलं पाणी जाळीतून नेऊन खिडकीतल्या कूलरच्या झोतात निववायचं. गुरुजींनी सगळं ऐकून एकच अट घातली. यजमानाला नळ्या दिसता कामा नयेत. पूजेत नळ्या दिसल्या की लोकांना दवाखाना आठवतो.

तीन दिवस इशिता वहीत आराखडे काढत आणि खोडत बसली. नळ्या चौरंगाच्या वस्त्राखालून नेता येत होत्या, जाळी कूलरपाशी बसत होती. अडलं ते पाण्याच्या टाकीपाशी. टाकी मशीनजवळ हवी, वरून उघडणारी हवी, आणि मशीनजवळची हातभर जागासुद्धा कॅमेऱ्यात येत होती. शेवटी तिनं माळ्यावरचा तांब्याचा कलश काढला. बुडाजवळ भोकं पाडून नळ्या जोडल्या, आत लिंबाएवढा पंप बसवला, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी भरलं आणि वर ताटली झाकली. पूजेचा खरा कलश चौरंगावर, हा त्याच्या शेजारी खाली. गुरुजींनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं.

"हे चालते," ते म्हणाले. "पण कोणाले सांगू नको."

इशितानं कोणालाच सांगितलं नाही, आणि तिथंच घोळ झाला.

पहिलीच पूजा मेलबर्नच्या देवानंदची, नव्या घराची वास्तुशांत. देवानंद मूळचा अकोल्याचा. गुरुजी त्याला लहानपणापासून अरे-तुरे करत. त्याचे वडील शालिकराम अकोल्याहून मोबाईलवर पूजा पाहणार होते. मेलबर्नमध्ये देवानंदच्या ओळखीत वऱ्हाडातली अकरा घरं होती आणि सगळी आज नव्या घरात जेवायला येणार होती. पूजा छान झाली, तर पुढची दोन वर्षं गुरुजींना कामाची चिंता नव्हती.

सकाळी मनकर्णाबाई फुलं घेऊन आल्या. नांदगाव खंडेश्वरकडे त्यांचा फुलांचा मळा, आणि वीस वर्षांपासून गुरुजींच्या घरची फुलं त्यांचीच. गुरुजी अंघोळीला गेले होते, इशिता चहा ठेवत होती. मनकर्णाबाईंनी खालच्या कलशावरची ताटली उचलून पाहिली. अंधारात तळाचा पंप दिसला नाही, दिसलं ते नुसतं पाणी. पोरगी शिकलेली असली तरी विसरतेच, असं त्यांना वाटलं. त्यांनी कलशात अक्षता, दूर्वा आणि झेंडूच्या पाकळ्या टाकल्या, पाच पानं लावून वर नारळ ठेवला आणि निघून गेल्या. केलेली मदत बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

गुरुजींना तो नारळ दिसला. सोंग चांगलं वठावं म्हणून इशितानं ठेवला असेल, असं त्यांना वाटलं. इशिताला वाटलं, बाबांनी ठेवला.

पहिला अर्धा तास इतका शांत गेला, की देवानंदनं मध्येच मंत्र किती स्वच्छ ऐकू येतात ते सांगितलं. मग कलशातून घूं घूं असा आवाज यायला लागला, जसा काही बाटलीत भुंगा कोंडला आहे. शेजारच्या खोलीत इशिताच्या मोबाईलवर मशीनचं तापमान एक्क्याण्णव झालं होतं. तिनं चित्रांचं काम थांबवलं, तरी आकडा चढतच होता. शंभरला मशीन आपोआप बंद पडलं असतं, आणि वास्तुशांत अर्ध्यावर.

ती बादली, वाटी, पाण्याची बाटली आणि जुना ब्रश घेऊन रांगत चौरंगामागं आली. तिथून ती कॅमेऱ्यात दिसत नव्हती, पण तिलाही कलशाचं तोंड दिसत नव्हतं. नुसता हात पोचत होता. दिसत होतं ते गुरुजींना. त्यांनी मंत्र थांबवला आणि कलशावरची नजर न हलवता हळू आवाजात सांगायला सुरुवात केली.

"पहिले नारळ काढून बाजूले ठेव. आता पानं काढ. हं. वाटीनं पाणी काढ अन् बादलीत ओत. आता ब्रश घे, दातांचा जुना चालते. आतून घास. गोल गोल, जोर नको लावू."

पंपाच्या तोंडाशी अक्षतांचा लगदा बसला होता, तो सुटला. इशितानं बाटलीतलं शुद्ध पाणी ओतलं. घूं घूं थांबलं, आकडा सत्तरवर आला, मग पंचावन्नवर. गुरुजींनी श्वास सोडला आणि पडद्याकडे पाहिलं.

देवानंद सोवळ्यात मांडी घालून बसला होता. नारळ बाजूला, पानं बाजूला. बादली सापडली नसावी, कारण पाणी नव्या लाकडी फरशीवर पसरलं होतं. डोळे मिटून, दातांच्या ब्रशनं, तो मनोभावे कलश आतून घासत होता. गोल गोल. त्याची बायको रूपाली हात जोडून शेजारी उभी होती.

"गुरुजी, याच्या सोबत मंत्र म्हणायचा का?" त्यानं विचारलं.

 "नाही," गुरुजी म्हणाले. "हे मौनात असते."

पूजा पार पडली, पण गुरुजींना जेवण गेलं नाही. चाळीस वर्षांत त्यांनी एकही खोटा विधी सांगितला नव्हता. देवानंदला खरं सांगून टाकायचं ठरवून त्यांनी फोन हातात घेतला, तोच शालिकरामांचा फोन आला. गुरुजींनी त्यांना बोलूच दिलं नाही. कलश, पंप, नारळ, सगळं एका दमात कबूल केलं.

"ते मले तवाच समजलं," शालिकराम म्हणाले. "तीस वर्षं पंपाच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त केल्या मी. कचरा अडकला का असाच आवाज येते. मी इकून सांगणारच होतो, पण तुमी बरोबर सांगून राहिले होते."

गुरुजींनी विचारलं, देवानंदला आता कसं सांगावं.

"कायले सांगता? सहा वर्षं झाली लग्नाले. आज पहिल्यांदा त्यानं घरातलं भांडं घासलं, अन् फरशी बी त्यानंच पुसली. सूनबाई विचारून राहिली, हे दर महिन्याले करता येते का म्हणून."

 गुरुजींनी चष्मा लावला आणि पंचांग उघडलं.