दार पूर्वेलाच

सटवा वेल्डर परसातल्या लोखंडी डब्याला फेरी मारायला निघाला, पण फेरी काही पुरी होईना.

"मालक, दार कुठाय?"

"पूर्वेला," नागप्पा ऐटीत म्हणाले.

"पूर्वेला तर सुंदररावाची भिंत हाय!"

नागप्पांच्या तोंडातलं खोबरं तोंडातच राहिलं.

द्राक्षं गार ठेवणारा तो जाड भिंतींचा कंटेनर त्यांनी मुंबईहून खास परसातल्या ऑफिससाठी आणवला होता. ठिबक सिंचनाच्या कंपनीची एजन्सी हवी तर कॉम्प्युटर हवा, आणि कॉम्प्युटरला म्हणे माणसापेक्षा जास्त उकडतं! डबा एसी बसवूनच आला. उतरवायला साखर कारखान्याची क्रेन उसनी मिळाली. मठातल्या स्वामींनी सांगितलं होतं, दार पूर्वेलाच. नागप्पांनी क्रेनवाल्याला तेवढंच ओरडून सांगितलं आणि डोळे मिटून क्रेनच्याच चाकाला बेल वाहिला. डोळे उघडले तेव्हा डबा बसला होता, दारही पूर्वेलाच होतं. भिंतीपासून वीतभर. नारळ फोडला, पेढे वाटले, क्रेन गेली. ती आता उसाचा हंगाम संपल्याशिवाय येणार नव्हती, आणि कंपनीचे साहेब उद्या येणार होते.

"सटवा, इकडून दुसरं दार काप."

"न्हाई बा! भिंतीत फोम हाय. गॅस लावला की डबा बी पेटल अन् मी बी."

"अवो, मग भिंत पाडा की," नागप्पांच्या पत्नी मल्लम्मा चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या.

शेजारच्या सुंदररावाशी मोरीच्या पाण्यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. पण नागप्पा शिडीवर चढले, भिंतीवरून मान काढली आणि घसा खाकरला.

"सुंदरराव, जेवलात का?"

"भिंत पाडायची ना? पाडा की! शेजारधर्म हाय." सुंदरराव भलतंच गोड हसले.

संध्याकाळी दारासमोरची तेवढी भिंत पडली. दार उघडलं ते थेट सुंदररावांच्या अंगणात. मल्लम्मांनी कॉम्प्युटर पदराखाली झाकून साऱ्या गल्लीला वळसा घालून डब्यात नेला, जसं काही नातवंडच!

दुसऱ्या दिवशी नागप्पा हार घेऊन स्वतःच्या दारात उभे. जीप आली, पण ऑफिसची पाटी शोधत सुंदररावांच्या दारावरून जाणाऱ्या मागच्या गल्लीत शिरली. नागप्पा हारासकट धावले. धापा टाकत पोचले तर साहेब एसीत ताक पीत होते आणि समोर सुंदरराव, इस्त्रीच्या धोतरात.

"नागप्पा, ऑफिसचं दार अर्जदाराच्या स्वतःच्या जागेत लागतं," साहेब म्हणाले. "अंगण तर यांचं आहे. यांनी सकाळीच अर्ज दिलाय. मंजूर."

"पण साहेब, डबा माझा हाय!"

"तुमचाच की," सुंदरराव म्हणाले. "न्या उचलून. उचलत नसंल तर क्रेन येईस्तोवर राहू द्या. मी भाडं देतो."

हार कुणाच्या गळ्यात घालायचा ते नागप्पांना कळेना. तो त्यांनी दाराच्या कडीला अडकवला आणि पुन्हा गल्लीभर चालत घरी आले.

परसात पाऊल टाकलं तर भट्टीसारखी झळ तोंडावर आली. एसीची पाठ त्यांच्याच बाजूला होती. तिच्यासमोर बाज टाकून मल्लम्मांनी कुरडया पसरल्या होत्या.

"अवो, बघा तरी," त्या कौतुकानं म्हणाल्या, "ऊन उतरलं तरी लई झकास वाळायल्यात!"