एक राऊटर, चौदा प्रेक्षक

"मी बोलायला लागले की जागचं हलायचं नाही. माणूस हलला तरी सिग्नल हलतो," लेकीनं आदल्या दिवशीच बजावलं होतं. म्हणून अकराच्या ठोक्याला आई हातात पळी धरून ओट्यापाशी उभी राहिली ती तशीच. आत्या दिवाणावर एक पाय खाली सोडून अर्धवट उठलेली. आतल्या खोलीत लेक डॉक्टरेटची शेवटची मुलाखत ऑनलाइन देत होती. विषय असा, की बिनतारी जाळं मोठं असलं आणि सिग्नल लहरी असला तर किती माणसांचं भागतं. पाच वर्षांचं काम आज ठरणार होतं.

तिनं हलू नका म्हटलं होतं, बघू नका म्हटलं नव्हतं. मुलाखत कुणालाही फोनवर पाहता येत होती, आणि बापानं राऊटरचा पासवर्ड मोठ्या मनानं वरच्या मजल्यापर्यंत वाटला होता.

"हा परीक्षक केव्हाचा जांभई देतोय गं," आत्या फोनकडे बघत म्हणाली.

आतून लेकीचा बारीक आवाज आला. "बाबा, माझं चित्र अडकलंय. कोण कोण बघतंय?"

"घरचेच."

"घरचे म्हणजे किती?"

"असतील चौदा."

बाप शिंपी. गळ्यातली टेप तशीच घेऊन तो दारोदार धावला. सगळ्यांनी फोन बंद केले, फक्त वरचे बँडमास्तर हटेनात. ते आयुष्यभर वाजवलेल्या एकशे बारा धुना दूरच्या भावाला पाठवत होते.

"थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून," ते म्हणाले. "तसंही माझं कोण ऐकतंय?"

"मी ऐकतो."

"सगळ्या?"

"सगळ्या. आजपासून. पण आत्ता बंद करा."

खाली परीक्षकाचं तोंड एकदाचं मिटलं. "मघाशी काय झालं?" त्यांनी कोरडेपणानं विचारलं.

लेक ताठ बसली. "माझ्या पाचव्या प्रकरणात लिहिलंय तेच, सर. कुणाचा सिग्नल कधी विरेल हे सांगता येत नाही. पण एका वेळी किती जणांना आत घ्यायचं ते सांगता येतं. इथे माझ्याखेरीज सहा. सातवा आला तर दहातल्या नऊ वेळा मी अडकेन."

"दाखवा."

मग एकेकानं फोनवर मुलाखत लावली. आई, बाप, मामा, शेजारचे तिघं. चित्र स्वच्छ.

"आत्या, आता तू."

आत्यानं देवाचं नाव घेऊन बोट टेकवलं. परीक्षक पुन्हा जांभईत थिजले.

"आला बघ, जांभईवाला," आत्या समाधानानं म्हणाली आणि तिनं फोन बंद केला.

"अभिनंदन, डॉक्टर," तिकडून शब्द आले तेव्हा परीक्षक चक्क हसत होते.

आईनं पळी सोडून लेकीला कवटाळलं. अख्खा मजला दारात लोटला. आत्या जो भेटेल त्याला सांगत होती, "सातवी मीच. माझ्यामुळेच सिद्ध झालं."

त्या गर्दीतून बापानं चष्मा, पाण्याची बाटली आणि पाठीला लावायची उशी घेतली, आणि तो बँडमास्तरांकडे जिना चढू लागला.